पावणेसहाचा भोंगा

सत्कार समितीने मानपत्राचा मसुदा माझ्या हातात ठेवला आणि पहिल्याच ओळीला माझं डोकं फिरलं. 'क्रीडातपस्वी, कर्मयोगी, युवकांचे दीपस्तंभ.' आता मला सांगा, दिग्रसपासून शंभर कोसांत समुद्र नाही, आणि आमचा उकंडाभाऊ म्हणे दीपस्तंभ! मी समितीला म्हटलं, हे मानपत्र कोणालाही चालेल, वरचं नाव तेवढं बदला. सेक्रेटरी चिडून म्हणाले, "मग तुम्हीच लिहा, जफर सर." मी लगेच हो म्हटलं. त्यांना वाटलं असेल, मास्तराला हौस आली. हौस कसली! उकंडाभाऊशी बोललेलं एक वाक्य मला परत घ्यायचं होतं. नऊ वर्षं ते माझ्या गळ्यात अडकून बसलं होतं आणि एकट्यात घ्यायची हिंमत मला कधी झाली नव्हती. चारचौघांत, माइकसमोर, कागदावर लिहिलेलं असलं तर वाचावंच लागेल, असा माझा हिशेब.

ही १९६८ च्या जानेवारीतली गोष्ट. उकंडाभाऊला आमच्या हायस्कूलच्या मैदानावर बारा वर्षं झाली होती, म्हणजे एक तप. सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनाच्या दिवशीच संध्याकाळी, सत्कार करायचं ठरलं.

उकंडाभाऊ दिसायला कसा, तर जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, दारात उभा राहिला तर खांब समजून कोणी बैल बांधेल असा. उंच, काळा, वाळलेला. पोटऱ्या तेवढ्या दगडी. त्याच्या आईची आधीची दोन लेकरं गेली होती, म्हणून हा जन्मल्याबरोबर सुइणीने त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला आणि परत उचलून आणला. टाकलेल्या वस्तूकडे मरण ढुंकून पाहत नाही, अशी समजूत. म्हणून नाव उकंडा. छप्पन्न साली नागपूरला जाऊन तो दीक्षा घेऊन आला, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी म्हटलं, आता नावही चांगलं घे. तर हा म्हणतो, "चांगलं नाव पोराले ठेवतो. मैलाच्या शर्यतीत उकंडाच पयाला होता, त्याले कायले हाकलू?" पोराचं नाव धर्मपाल ठेवलं आणि स्वतः उकंडाच राहिला.

ती मैलाची शर्यत एकोणपन्नास सालची. आमच्याच हायस्कुलातून अमरावतीला धावायला गेला आणि अनवाणी पायांनी पहिला आला. तो कप हेडमास्तर बाबाराव सरांच्या कपाटात होता. त्यात खडू ठेवत. त्याच वर्षी गडी मॅट्रिकला गणितात उडाला, पुढच्या वर्षी पुन्हा गणितातच उडाला, आणि मैदानाला लागून असलेल्या जिनात यंत्रांना तेल घालायच्या कामाला लागला. कापसाच्या हंगामात त्याची पाळी संध्याकाळी सहाला सुरू व्हायची. दुपारभर मोकळा. मग भिंतीपलीकडे आम्ही हुतूतू नावाची जी मारामारी करायचो ती बघत बसायचा. एक दिवस त्याला ते बघवेना. भिंतीवरून उडी मारून आत आला आणि म्हणाला, "पोट्टेहो, हे खेळून राह्यले का दळून राह्यले?"

त्या दिवसापासून तो आमचा झाला. बाबाराव सरांनी तोंडी परवानगी दिली. त्या छप्पन्न सालीच आमचा जिल्हा नागपूरवाल्यांच्या राज्यातून निघून मुंबईवाल्यांच्या राज्यात गेला म्हणे. आम्हाला त्याचा पत्ताही नाही. आम्ही पडायला शिकत होतो. सरकीच्या पोत्यांवर पडायचं, मग मातीवर, मग मुरमावर. दम वाढवायची त्याची तऱ्हा तर सगळ्या गावाला पाठ होती. मैदानाच्या फाटकापासून माझ्या बापाच्या, रहमतच्या, पंक्चरच्या दुकानापर्यंत एका दमात 'हुतूतू' करत चालत जायचं. "दम दुकानापरेंत गेला पायजे. मधात तुटला तं वापस." अब्बांचं गिऱ्हाईक रोज तीन वाजता तोंडाला फेस आलेली नऊ पोरं येताना पाही आणि सायकल आत ओढून घेई.

दुसरी तऱ्हा गणिताची. शनिवारी पाटी-वही घेऊन यायचं. ज्याचं गणित चुकलं तो त्या आठवड्यात रेघेबाहेर. "मी गणितात पडलो. तुमाले पडाचं तं मैदानात पडा," असं म्हणायचा. त्याला स्वतःला ती गणितं येत नव्हती, म्हणून तो आमचा कॅप्टन देवीलाल याच्याकडून तपासून घ्यायचा. देवीलाल तांड्यावरून पाच मैल चालत यायचा आणि गणितात वाघ होता. त्यामुळे आमचं भवितव्य आमच्याच कॅप्टनच्या हातात. देवीलालला गुळाचे खडे आम्ही का द्यायचो, हे वेगळं सांगायला नको.

आणि तिसरी तऱ्हा भोंग्याची.

जिनाचा भोंगा पावणेसहाला व्हायचा, सहाच्या पाळीची वर्दी म्हणून. उकंडाभाऊचा नियम असा की भोंगा वाजला की खेळ जिथे असेल तिथे थांबला. चढाई चालू असो, कोणाची तंगडी कोणाच्या हातात असो. दम सोडायचा, वाकून माती शिवायची आणि नीट घरी जायचं. "ज्या मातीनं पडू देल्लं पन मोडू नाई देल्लं, तिले हात लावून जा." नारळ-बिरळ काही नाही. माती सगळ्यांची, देवीलालचीही आणि माझीही.

या नियमाच्या मुळाशी माझी अम्मी होती. सत्तावन्न सालात एकदा मी अंधार पडल्यावर, गुडघे सोलून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी अम्मी, म्हणजे जोहराबी, थेट मैदानावर. तिने नऊ पोरांसमोर उकंडाभाऊला असा काही झाडला की भिंतीपलीकडचे बैल गप्प झाले. भाऊने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाबी, जबान देतो. भोंगा झाला की पोरगा घरी." ती जबान त्याने सगळ्यांच्या आयांना लागू केली. देवीलालने एकदा भोंग्यानंतर चढाई पुरी केली, गुणही आणला. त्याला आठ दिवस बसवून ठेवलं. दोन वर्षांत आमची अशी गत झाली की भोंगा वाजला की डोक्याला कळायच्या आत हात मातीला लागायचा.

आता एकोणसाठ सालचा जानेवारी. यवतमाळला जिल्ह्याचे सामने. यंदा गोष्ट नुसत्या ढालीची नव्हती. शाळेच्या मंडळात कुरबुर सुरू झाली होती. जिनातला तेलवाला, मॅट्रिक नापास, शिवाय त्या वस्तीतला. आपली पोरं काय म्हणून त्याच्या हाती? 'त्या वस्तीतला' हे तोंडावर कोणी बोलत नसे. बाकीचं मोठ्याने बोलत आणि हे हळू. सरकारी शिकून आलेला ड्रिल मास्तर मिळत होता. बाबाराव सरांनी कसंबसं थोपवून धरलं आणि आम्हाला बोलावून सांगितलं, "बाबांनो, ढाल आणा. ढाल आली तर त्याला मैदानावरून हलवायची कोणाची छाती होणार नाही. नाही आली तर माझ्यानं काही होणार नाही." भाऊला यातलं काही सांगू नका म्हणाले. त्याला सगळं ठाऊक होतं.

सकाळचे सामने आम्ही जिंकत गेलो. फायनल संध्याकाळी, पुसदच्या संघाशी. हे त्यांचे गडी! बोकडासारख्या माना. शेवटच्या मिनिटात आम्ही एका गुणाने मागे आणि चढाई माझी. मी आत शिरलो, कोपऱ्यातल्याला पाय लावला, दुसऱ्याच्या खांद्याला बोट लावलं आणि वळलो. तिसऱ्याने झेप घेतली ती हुकली. समोर मधली रेघ, दोन हात दूर. दम शाबूत. मला आतून हसू फुटत होतं.

आणि भोंगा वाजला.

यवतमाळातही जिन आहेत, तिथेही सहाची पाळी असते, आणि जिल्हाभरातले जिन एकाच वेळेला बोंबलतात, हे आम्हा शहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी जागच्या जागी थांबलो. दम सोडला. वाकलो आणि माती शिवली. रेघेपलीकडे पाहतो तर देवीलाल वाकलेला, आमचे सगळेच्या सगळे वाकलेले. आणि मैदानाबाहेर, पंचाच्या खुर्चीशेजारी, उकंडाभाऊ वाकलेला. त्याचा हात माझ्याही आधी मातीला लागला होता.

पुसदवाले क्षणभर चक्रावले. त्यांना वाटलं हा काही डाव आहे. मग एकाने हळूच येऊन माझा पाय धरला. पंचाने शिट्टी फुंकली. दम तुटला, गडी बाद, सामना संपला. प्रेक्षक इतके हसले की एकाचा फेटा सुटला. आज आठवलं की मलाही हसू येतं. त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दिग्रसच्या एसटीत देवीलाल खिडकीकडे तोंड करून रडत होता. उकंडाभाऊ माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "जफर, चूक माही हाये. तुही नाई. दोन वर्साची सवय, एका दिवसात थोडीच सुटते."

मी सोळा वर्षांचा होतो, हरलेला होतो, आणि जिभेला हाड नव्हतं. मी म्हणालो, "तुमचीच चूक हाये. तुमी जिनातच राहा, भाऊ. मैदान तुमचं नाई."

पहिली दोन वाक्यं रागाची होती, ती विरून गेली असती. तिसरं मी मंडळातल्या लोकांच्या तोंडचं उचललं होतं. विहीर तुमची नाही, देऊळ तुमचं नाही, हे ज्याने जन्मभर ऐकलं, त्याला मी मैदानही तुमचं नाही म्हटलं. मला तेव्हा एवढं कळलं नाही. पण त्याचा चेहरा मी पाहिला होता. तो उठून पुढे ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवसापासून उकंडाभाऊ मैदानावर आला नाही.

आठवड्यात ड्रिल मास्तर आले. खेमसिंग मास्तर. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, बिचारा भला माणूस. पहिल्या दिवशी पावणेसहाला भोंगा झाला, सगळी पोरं वाकली, माती शिवली आणि चालू लागली. मास्तर शिट्टी फुंकून फुंकून लाल झाले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. माझा मात्र पीळ जळला नव्हता. मी एकटाच मागे राहिलो. रिकाम्या मैदानात मी आणि खेमसिंग मास्तर, दोघंच, एकमेकांसमोर हुतूतू करतोय! भिंतीपलीकडून गाडीवान विचारत, "काहून बा, बाकीचे मेले का?"

मी घरी अंधारात पोचलो. अम्मीने जेवू घातलं, काही बोलली नाही. ती बोलली नाही की समजावं काहीतरी शिजतंय. दुसऱ्या दिवशी सहा वाजायच्या आधी तिने मला कानाला धरून जिनाच्या गेटावर नेलं. गेटवाला धावजी म्हणाला, बायांना आत सोडत नाही. अम्मी म्हणाली, "मैं अंदर नहीं आती. उसको बाहर बुला." उकंडाभाऊ डबा हातात घेऊन येतच होता. त्याची बायको इंदूबाई त्याला गेटापर्यंत सोडायला आली होती, तीही थबकली.

"भाई, तुमने जबान दिये थे," अम्मी म्हणाली. "भोंगा होते ही बच्चा घर में. कल ये अंधेरे में आया."

"भाबी, मी आता मैदानावर नाई. शायेनं दुसरा मास्तर आनला."

"स्कूल ने मेरे को जबान नहीं दिये. तुमने दिये. मैदान छूटता, जबान कैसे छूटती?"

इंदूबाई पदर तोंडाला लावून हसली. "द्या आता जवाब! घरी तं लय बोलता." मी खाली बघत होतो. तेव्हाच म्हणायला हवं होतं, भाऊ माझं चुकलं. कान अम्मीच्या हातात, डोळ्यांत पाणी, आणि मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिलो.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला उकंडाभाऊ मैदानाच्या भिंतीबाहेर येऊन उभा राहिला. खेमसिंग मास्तरांनी आत बोलावलं. "नाई मास्तर, मी फकत या पोट्ट्याले घरी धाडाले आलो." भोंगा झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी माती शिवली आणि घरी गेलो. असे पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी देवीलाल वाईट पडला, खांद्यावर. भिंतीबाहेरून आरोळी आली, "अबे कंबर आधी! कंबर!" आणि आरोळीच्या मागोमाग स्वतः भाऊ भिंतीवरून आत. देवीलालला उचलून, पुन्हा पाडून, पुन्हा उचलून दाखवेपर्यंत त्याला कळलंच नाही की आपण आत आलोय. खेमसिंग मास्तरांनी बूट काढून भिंतीवर ठेवले आणि म्हणाले, "मलाही दाखवा. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही." तेव्हापासून कागदावर मास्तर खेमसिंग आणि मातीवर मास्तर उकंडा. मंडळाचा कागद खूश, आम्ही खूश.

पुढच्या वर्षी यवतमाळला फायनलच्या आधी भाऊने सगळ्यांच्या कानांत कापसाचे बोळे कोंबले. घरचाच माल. भोंगा आम्हाला ऐकू आला नाही, पंचाची शिट्टीही आली नाही, सामना संपल्यावरही आम्ही चढाया करतच होतो. पण ढाल आली. नंतर मुलींचा खो-खो सुरू झाला. गणित सुटलं म्हणून कोणी तलाठी झालं, कोणी नर्स. देवीलाल एसटीत कंडक्टर झाला, कारण त्याच्याइतका हिशेब कोणाला येतो? मी मॅट्रिक झालो, शिकलो आणि त्याच शाळेत मराठीचा मास्तर झालो. रोज संध्याकाळी भाऊ भेटायचा. मी विषय काढायला गेलो की तो म्हणायचा, "जफर, त्या डाव्या कोपऱ्यातल्या पोट्ट्याचा दम पाय, कच्चा हाये." विषय मैदानातच ठेवायचा. बसपर्यंत येऊच द्यायचा नाही.

सव्वीस जानेवारी. मांडव मैदानातच. अम्मी पहिल्या रांगेत, इंदूबाईच्या शेजारी. खेमसिंग मास्तर, खाकीत देवीलाल, बारा वर्षांतली पोरंपोरी, कोणाच्या कडेवर आता स्वतःची पोरं. झेंड्याची सुट्टी शाळेला होती. जिनाला मात्र हंगामात ती रात्रपाळीला नसे, म्हणून भाऊ हार घालून, शाल पांघरून, डबा खुर्चीखाली ठेवून बसला होता. कार्यक्रम चारचा. सेक्रेटरींनी भाषण सुरू केलं ते काही थांबेना. आमच्या भागाचा क्रीडाइतिहास त्यांनी महाभारतापासून धरला. मी घड्याळ बघत होतो. पाच पंचवीस. पाच तीस. शेवटी बाबाराव सरांनी त्यांचा कोट ओढला आणि माइक माझ्याकडे आला.

मी मानपत्र वाचायला घेतलं. उकिरड्यापासून अमरावतीच्या शर्यतीपर्यंत, गणितापासून कापसाच्या बोळ्यांपर्यंत. लोक हसत होते, भाऊ मान हलवत होता. शेवटचा परिच्छेद आला. मी श्वास घेतला आणि म्हणालो, "नऊ वर्षांपूर्वी, दिग्रसच्या एसटीत..."

आणि भोंगा वाजला.

सगळा मांडव उभा राहिला. देवीलाल, तलाठी, नर्स, पोरंपोरी, सगळे वाकले. खेमसिंग मास्तर वाकले. भाऊ खुर्चीखालचा डबा घेऊन व्यासपीठाच्या पायऱ्या उतरला, वाकला, माती शिवली. माझाही दम आपोआप सुटला. कागद घडी करून मी वाकायला लागलो. एवढ्या वर्षांची सवय. आता तो गेटाकडे जाईल, आणि हे पुन्हा राहील, पुढच्या तपापर्यंत. मला रडू यायला लागलं.

भाऊ दोन पावलं गेला आणि थांबला. वळून माझ्याकडे पाहिलं.

"जफर," तो म्हणाला, "रेघ दोन हात दूर हाये. दम तोडू नको. ये."

मी घडी उघडली. अक्षरं दिसत नव्हती, पण ती पाठ होती. "नऊ वर्षांपूर्वी, दिग्रसच्या एसटीत, मी तुम्हाला म्हणालो होतो की मैदान तुमचं नाही. ते वाक्य मी आज सगळ्यांसमोर परत घेतो. मैदान तुमचंच आहे, भाऊ. आम्ही तुमच्याकडे खेळायला आलो होतो."

त्याने डबा या हातातून त्या हातात घेतला, शालीने डोळे पुसले. "आलास," एवढंच म्हणाला आणि जिनाकडे निघाला.

त्या दिवशी तो गेटावर रोजच्यापेक्षा पाच मिनिटं उशिरा पोचला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. धावजीने नंतर मला सांगितलं की त्याने विचारलं होतं, "काहून बा, आज उशीर?" तर भाऊ म्हणाला, "एका पोट्ट्याचा दम पुरा होऊ देत होतो."